गोलदिघीच्या काठचे परदेशी गुरुजी

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. आमची लेखणी गेली तीस वर्षे केंद्र सरकारच्या फायलींवर टिपणे लिहिण्यात झिजलेली. बी. ए.ला इतिहास हा विषय होता, एवढीच काय ती आमची इतिहासाशी सोयरीक. परंतु संपादकांनी पुन्हा गाठले, आणि त्याच सुमारास घरात असा एक प्रश्न उभा राहिला की, त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही या शहराच्या जुन्या इतिहासात बरेच आत जाऊन पोचलो. तेथे जे दिसले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रश्न असा. आमची थोरली कन्या गेल्या वर्षी थायलंडमध्ये एका लहानशा गावी, शाळकरी मुलांना इंग्रजी शिकविण्यासाठी गेली. तिचा पहिला महिना बरा गेला. मग एका रात्री दूरध्वनीवर म्हणाली, "बाबा, शेवटच्या बाकावरचा एक मुलगा तीन आठवडे झाले तोंडच उघडत नाही. वर्गात इंग्रजीखेरीज एक शब्द बोलायचा नाही असा शाळेचा नियम आहे. त्याला काय येतं आणि काय येत नाही, हे मला कळायचं कसं?"

हे ऐकून आम्ही काही क्षण गप्प राहिलो, त्यास कारण होते. बदलीवर आम्ही कोलकात्यास आलो तेव्हा ही कन्या चौथीत होती. येथील एका शाळेत, नावाची जरुरी नाही, तिचे नाव घातले. आणि दोनच महिन्यांत तिच्या वहीत शेरा आला की, घरी मुलीशी इंग्रजीतच बोलावे. आम्ही आज्ञाधारक सरकारी नोकर. त्या रात्री जेवणाच्या पानावर इंग्रजी सुरू झाले. आमटीला शब्द सापडेना, कोशिंबिरीला सापडेना, आणि "अजून थोडा भात घे गं" यातला 'गं' कोठे ठेवावा हे तर कोणालाच कळेना. सौभाग्यवतींनी तिसऱ्या घासाला तो उपक्रम बंद पाडला. पण मुलगी मात्र त्यानंतर वर्षभर शाळेत मुकी होती. तीच आता परदेशी दुसऱ्याच्या मुलांपुढे तोच नियम हातात घेऊन उभी होती.

आम्हास सल्ला सुचला नाही. रविवारी नेहमीप्रमाणे कॉलेज स्ट्रीटवर जुनी पुस्तके चाळण्यास गेलो, आणि परतताना कॉलेज स्क्वेअरच्या तळ्याकाठी, ज्याला जुने लोक गोलदिघी म्हणतात, डेव्हिड हेअर यांच्या समाधीपाशी थबकलो. या शहराइतके इंग्रजी शिकविण्याचे प्रयोग हिंदुस्थानात अन्यत्र क्वचितच झाले असतील. समुद्र ओलांडून येथे येऊन, परक्या मुलांना आपली भाषा शिकविणाऱ्या माणसांची एक मालिकाच येथे होऊन गेली. त्यांनी आमच्या कन्येच्या प्रश्नाचे काय केले होते, हे पाहावेसे वाटले.

अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यात इंग्रजी हा पोटापाण्याचा विषय होता. सुप्रीम कोर्ट 1774 साली स्थापन झाले, व्यापारी पेढ्या वाढल्या, आणि चार इंग्रजी शब्द जाणणाऱ्या कारकुनाला भाव आला. तेव्हा चितपूर भागात शेरबर्न नावाच्या एका गृहस्थांची शाळा होती. द्वारकानाथ ठाकूर तेथे शिकले. अशा शाळांतून शिक्षण म्हणजे मुख्यतः शब्दांचे पाठांतर. इंग्रजी शब्द आणि त्याचा बंगाली अर्थ अशा जोड्या मुले तालावर घोकीत. ज्याच्या गाठीस अधिक शब्द तो अधिक विद्वान. वाक्य करता येते की नाही याची चौकशी फारशी कोणी करीत नसे. आम्हास यात हसण्यासारखे काही वाटत नाही. तर्खडकरांची भाषांतरमाला घोकून ज्यांनी इंग्रजीचा उंबरठा ओलांडला, अशा वडिलांच्या हाताखाली आम्ही वाढलो; घोकंपट्टीची अगदीच निंदा करण्याचा अधिकार आम्हास नाही.

या शब्दांच्या पोत्यांतून भाषा बाहेर काढण्याचे काम ज्यांनी आरंभिले, त्यांत एक होते डेव्हिड ड्रमंड. हे स्कॉटलंडचे, पाठीला कुबड असलेले, कविता करणारे गृहस्थ 1813 साली कलकत्त्यास आले आणि धर्मतल्ल्याच्या शाळेत शिकवू लागले. युरोपियन, युरेशियन आणि हिंदी मुले तेथे एकाच वर्गात बसत. त्या काळी ही गोष्ट लहान नव्हती. त्यांचा सर्वांत नामांकित विद्यार्थी हेन्री डेरोझिओ. तोच पुढे हिंदू कॉलेजात शिक्षक झाला आणि 1831 साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, वारला. डेरोझिओवर पुष्कळ लिहिले गेले आहे. तो कलकत्त्यातच जन्मलेला असल्याने आमच्या विषयात तो बसत नाही. त्याच्या गुरूचे नाव मात्र आज फारच थोड्यांना ठाऊक असेल.

आता हेअरसाहेब. यांच्याविषयी लिहिताना आमचा हात थोडा सैल सुटेल, त्याची क्षमा असावी.

डेव्हिड हेअर यांचा जन्म 1775 चा. 1800 साली ते घड्याळजी म्हणून कलकत्त्यास आले. घड्याळे विकणे, दुरुस्त करणे हा धंदा, आणि त्यात त्यांनी चांगला पैसा मिळविला. हे पंडित नव्हते, पाद्री नव्हते, कंपनी सरकारचे अधिकारीही नव्हते. घड्याळाच्या निमित्ताने घरोघरी जाणे होई, तेथल्या माणसांशी बोलणे होई, आणि त्यातून या शहरातील मुलांना शाळा हवी आहे हे त्यांच्या मनाने घेतले. राममोहन रॉय यांच्याशी त्यांचा स्नेह जमला. 20 जानेवारी 1817 रोजी गरानहाटा येथे एका भाड्याच्या घरात वीस विद्यार्थ्यांनिशी हिंदू कॉलेज सुरू झाले, त्यामागील खटपटीत हेअर प्रमुख होते. त्याच वर्षी स्कूल बुक सोसायटी निघाली आणि 1818 साली स्कूल सोसायटी. पहिलीने पुस्तके छापली, दुसरीने शाळा चालविल्या. 1820 च्या सुमारास हेअरांनी आपला धंदा ग्रे नावाच्या गृहस्थास विकून टाकला, त्यांच्याच घरी राहू लागले, आणि उरलेले आयुष्य व उरलेला पैसा शाळांत घातला. पैसा मिळवून विलायतेस परत जावयाचे, ही त्या काळच्या साहेबाची रीत. हेअर परत गेलेच नाहीत.

येथे एक गोष्ट मुद्दाम ध्यानात घ्यावयास हवी. स्कूल सोसायटीने नुसत्या इंग्रजी शाळा काढल्या नाहीत. गल्लीबोळांत गुरुमहाशयांच्या ज्या बंगाली पाठशाळा होत्या, त्यांना सुधारून घेण्याचे, त्यांना छापील पुस्तके पुरविण्याचे आणि त्यांच्या परीक्षा घेण्याचे काम तिने हाती घेतले होते. या पाठशाळांतून जी मुले बंगालीत हुशार ठरत, त्यांना निवडून सोसायटीच्या खर्चाने इंग्रजी शिकण्यास पाठविले जाई. म्हणजे इंग्रजीच्या दारात शिरण्याची वाट बंगालीच्या अंगणातून जात होती. हेअर स्वतः बंगाली बोलत. मुलांशी, त्यांच्या आईबापांशी, गुरुमहाशयांशी त्यांचा व्यवहार त्या भाषेत चाले. ते स्वतः वर्गात उभे राहून नित्य धडे देणारे शिक्षक नव्हते, हे सांगितले पाहिजे. ते शाळेत फिरत. गैरहजर मुलाच्या घरी जात. तो आजारी असल्यास औषध नेत. आणि शाळा सुटताना दाराशी टॉवेल घेऊन उभे राहत; ज्याचे अंग मळकट त्याचे स्वहस्ते पुसून देत.

त्यांच्या पालखीची कथा बंगाली घराघरांत सांगितली जाते. शिवनाथ शास्त्रींनी रामतनू लाहिडी यांचे चरित्र 1904 साली प्रसिद्ध केले, त्यात ती आहे. हेअरसाहेबांची पालखी रस्त्याने निघाली की, गरीब मुले मोडक्यातोडक्या इंग्रजीत "आम्हास शाळेत घ्या" असा ओरडा करीत तिच्यामागे धावत. रामतनू हा कृष्णनगरकडचा मुलगा. त्याला नादारीची जागा हवी होती, आणि जागा शिल्लक नव्हती. तो रोज पालखीबरोबर धावू लागला. एक दिवस नव्हे, सुमारे दोन महिने. दुपारी पोटात काही नसे. हेअरांनी एकदा त्याच्या तोंडाकडे पाहून विचारले की, तू जेवला आहेस काय? साहेबाच्या घरी खावे लागेल आणि जात जाईल, या धाकाने मुलगा 'नाही' म्हणेना. हेअर हे ओळखून होते. माझ्या घरचे नव्हे, मिठाईवाल्याकडचे देववितो, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या घराजवळच्या मिठाईच्या दुकानाशी त्यांनी तशी व्यवस्थाच लावून ठेवली होती. शेवटी रामतनूस शाळेत जागा मिळाली. तो पुढे बंगालमधील एक पूज्य शिक्षक झाला.

आम्ही ही कथा वाचली तेव्हा नादारीपेक्षा त्या मिठाईच्या दुकानापाशी अधिक घुटमळलो. परक्या देशात येऊन राहिलेल्या माणसाला शाळेची घंटा, वेळापत्रक, व्याकरण ही सगळी आणता येतात. समोरचे मूल कोणाच्या हातचे खाईल आणि कोणाच्या हातचे खाणार नाही, हे मात्र त्याने त्या मुलाच्या बाजूने जाऊनच शिकावे लागते.

हेअरांजवळचा पैसा सरत गेला. 1840 साली त्यांनी कोर्ट ऑफ रिक्वेस्ट्समध्ये कमिशनरची नोकरी पत्करली, आणि 1 जून 1842 रोजी पटकीने त्यांचा अंत झाला. त्या दिवशी मुसळधार पाऊस होता, आणि त्या पावसात हजारो माणसे ग्रेसाहेबांच्या घरापासून प्रेतयात्रेबरोबर चालत होती. धर्माच्या बाबतीत हेअर उदासीन, म्हणून ख्रिस्ती दफनभूमीत त्यांना जागा मिळाली नाही असे सांगतात. ते गोलदिघीच्या काठी, आपल्या मुलांच्या शाळेसमोरच विसावले. प्रतिवर्षी त्यांच्या स्मृतिदिनी सभा भरू लागली. त्यांच्या पाटलडांग्याच्या शाळेस आज आपण हेअर स्कूल म्हणून ओळखतो.

अलेक्झांडर डफ ही अगदी वेगळ्या धातूची मूर्ती. हे चर्च ऑफ स्कॉटलंडने हिंदुस्थानात धाडलेले पहिले मिशनरी. वय तेवीस. 1829 च्या ऑक्टोबरात पत्नीसह निघाले. फेब्रुवारी 1830 मध्ये त्यांचे जहाज केप ऑफ गुड होपजवळच्या डासेन बेटावर फुटले. बरोबर आठशे ग्रंथांचा संग्रह होता, तो समुद्रात गेला; बायबल व स्तोत्रसंग्रह एवढेच काठावर वाहत आले. दुसरे जहाज मिळाले, ते गंगेच्या मुखाशी रुतले. 27 मे 1830 रोजी हे दांपत्य कसेबसे कलकत्त्यास पोचले. राममोहन रॉय यांनी त्यांना चितपूर रस्त्यावर फिरंगी कमल बोस यांच्या घरातील दालन मिळवून दिले. ब्राह्मसभा पूर्वी तेथेच भरत असे. 13 जुलै 1830 रोजी पाच मुलांनिशी शाळा उघडली, आणि आठवड्याच्या आत जागा पुरेनाशी झाली. पहिल्या दिवशी राममोहन स्वतः हजर होते. बायबल हाती घेण्यास मुले बिचकली, तेव्हा त्यांनी सांगितले की, आम्ही बायबल वाचले, कुराणही वाचले, म्हणून काही आम्ही ख्रिस्ती वा मुसलमान झालो नाही. वाचा आणि आपली बुद्धी चालवा.

डफ हे पुढे युरोपात व अमेरिकेत गाजलेले वक्ते. पण कलकत्त्यात हा माणूस दिवसाचे सहा सहा तास मुळाक्षरे शिकवीत बसे. इतर मिशनऱ्यांना हे विद्वानास न शोभणारे वाटे. त्यांची शिकविण्याची रीत मात्र नवीन होती. फळ्यावर दोन अक्षरे लिहावयाची, ती जोडून 'बैल' या अर्थाचा इंग्रजी शब्द करावयाचा, आणि लगेच मुलांना विचारावयाचे की, बैल म्हणजे काय, त्याला पाय किती, तो काय करतो, त्याचा उपयोग कोणता. बैल मुलांनी पाहिलेला असे; त्यांच्याजवळ सांगण्यासारखे असे. शब्द परका, पण बैल घरचा. पाठांतराच्या शाळांत जे होत नव्हते ते येथे पहिल्याच आठवड्यात होऊ लागले, मूल बोलू लागले. आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, ज्यास इंग्रजी शिकावयाचे आहे त्यास बंगाली सहज वाचता आले पाहिजे, अशी डफ यांची अट होती.

डफ यांचा अंतिम हेतू धर्मप्रसाराचा होता, आणि तो त्यांनी कधी लपविला नाही. 1832 साली कृष्णमोहन बॅनर्जी यांनी त्यांच्या हस्ते बाप्तिस्मा घेतला तेव्हा शहरात गहजब उडाला. इंग्रजी आले की हिंदू समाजाच्या श्रद्धा आपोआप ढासळतील, हा डफ यांचा हिशेब चुकला. मुले इंग्रजी शिकली आणि बहुतेक आपापल्या घरीच राहिली. आम्हास त्यांच्या हेतूचे कौतुक नाही. मुळाक्षरे शिकविण्यात कमीपणा न मानणाऱ्या शिक्षकाचे मात्र आहे. त्यांच्या परंपरेतून आलेले स्कॉटिश चर्च कॉलेज आजही उत्तर कोलकात्यात आहे. नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढील स्वामी विवेकानंद, याच संस्थेचे विद्यार्थी.

आपल्या मुंबई इलाख्यात काय चालले होते, असे वाचक विचारतील. तेथे वारे थोडे निराळे होते. मोल्सवर्थ आणि त्यांचे सहकारी यांचा मराठी-इंग्रजी कोश 1831 सालीच प्रसिद्ध झाला. पाद्री जॉन विल्सन 1829 साली मुंबईस उतरले आणि प्रथम मराठी शिकले. मेजर कँडी यांनी शालेय पुस्तकांची मराठी तपासता तपासता आपल्या लेखनास विरामचिन्हांची सवय लावली. आज आपण वाक्याच्या शेवटी जो टिंब देतो, त्यात त्या साहेबाचा वाटा आहे. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' 6 जानेवारी 1832 रोजी निघाले ते मराठी व इंग्रजी अशा दोन रकान्यांत. दोन्ही भाषा शेजारी शेजारी उभ्या. हे सारे आपल्या वाचकांस परिचित असल्याने पाल्हाळ करीत नाही.

मेकॉलेच्या 2 फेब्रुवारी 1835 च्या टिपणानंतर सरकारी पैसा इंग्रजीकडे वळला, आणि हेअर ज्या पाठशाळांची परीक्षा घेत फिरले त्यांच्याकडे पाठ फिरली. मेकॉलेसाहेब कलकत्त्यात काही वर्षे राहिले. येथील एकही भाषा त्यांनी शिकून घेतली नाही, हे त्यांनी त्याच टिपणात एका अर्थी कबूलही केले आहे. परदेशी राहण्याची ही दुसरी तऱ्हा.

यानंतरच्या पिढीत एक विलक्षण गोष्ट घडली. हिंदू कॉलेजातील मधुसूदन दत्त या तरुणाला इंग्रजी कवी व्हावयाचे होते. तो ख्रिस्ती झाला, 1848 साली मद्रासेस गेला, आणि तेथे घरापासून दूर, पोरक्या मुलांच्या शाळेत इंग्रजी शिकवू लागला. 1849 साली त्याने आपला इंग्रजी काव्यग्रंथ छापून कलकत्त्यास पाठविला. तो ड्रिंकवॉटर बेथून यांच्या हाती पडला. हे बेथून म्हणजे सरकारचे कायदामंत्री आणि शिक्षण मंडळाचे अध्यक्ष. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी मुलींची शाळा काढली होती. इंग्रजी शिक्षणाच्या या सर्वोच्च अधिकाऱ्याने मधुसूदनाच्या मित्राकडून निरोप दिला की, इंग्रजीतून जी रुची कमावलीस ती मातृभाषेच्या सेवेस लाव. मधुसूदन 1856 साली परतला, आणि 1861 साली त्याचे 'मेघनादवध' बंगालीत आले. बेथून ते पाहावयास नव्हते. 1851 सालीच ते कलकत्त्यात वारले.

उलट बाजूची एक लहानशी गोष्ट येथेच सांगून टाकतो, कारण ती आपल्या घरची आहे. 1878 साली सतरा वर्षांचा रवींद्रनाथ विलायतेस जाण्यापूर्वी मुंबईस डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी येऊन राहिला. त्याचे इंग्रजी बोलणे सुधारावे म्हणून सत्येंद्रनाथांनी त्यास तेथे ठेविले होते. शिक्षिका होती डॉक्टरांची, विलायत पाहून आलेली कन्या अन्नपूर्णा. म्हणजे बंगालच्या महाकवीस इंग्रजी संभाषणाचे धडे एका मराठी मुलीने दिले. तिने त्याच्यापाशी आपल्यासाठी एक नवे नाव मागून घेतले. त्याने 'नलिनी' हे बंगाली कानाला गोड लागणारे नाव दिले. ती 1891 साली स्कॉटलंडमध्ये, घरापासून फार दूर, वारली.

आता ज्या माणसासाठी हा लेख लिहावयास घेतला त्याच्याकडे येतो. राजनारायण बसू (1826-1899) हे हेअरांच्या शाळेचे विद्यार्थी, पुढे हिंदू कॉलेजचे, आणि पुढे मेदिनीपूरच्या सरकारी शाळेचे मुख्याध्यापक. इंग्रजी उत्तम. मेदिनीपुरास असताना त्यांनी आपल्या मंडळींची एक सभा स्थापिली, तीत बोलताना जो कोणी बंगालीत इंग्रजी शब्द घुसडील त्यास शब्दामागे एक पैसा दंड. आमच्या मंडळाने हा नियम उद्या केला तर सुवर्णमहोत्सवाचा सारा खर्च एका बैठकीत निघेल, असे आम्ही कार्यवाहांना सुचविले आहे.

1879 पासून राजनारायण देवघर येथे राहू लागले. ते वैद्यनाथाचे देवघर, तेव्हा बंगाल इलाख्यात, आज झारखंडात. तेथील शाळेत 1893 पासून एक तरुण इतिहास शिकवीत असे. नाव सखाराम गणेश देऊस्कर. जन्म 17 डिसेंबर 1869, देवघरजवळच्या करों गावी. घराणे मराठी, पण बंगालात स्थायिक झालेले. लहानपणी आई गेली. घरातील वडीलधाऱ्या स्त्रीच्या मुखातून मराठी वाङ्मय कानी पडले. बाहेर बंगाली, शाळेत इंग्रजी. राजनारायणांच्या सहवासात हा तरुण लिहू लागला, आणि लिहू लागला तो बंगालीत. 1904 साली त्याचा 'देशेर कथा' हा ग्रंथ आला. इंग्रजी अहवालांतील आकडे घेऊन त्याने या देशाच्या दारिद्र्याचा हिशेब बंगाली वाचकांपुढे मांडला. सरकारने 1910 साली ते पुस्तक जप्त केले. कलकत्त्यात शिवाजी उत्सव रुजविण्यात देऊस्कर पुढे होते. रवींद्रनाथांची शिवरायांवरील प्रसिद्ध कविता देऊस्करांच्याच 'शिवाजीर दीक्षा' या पुस्तिकेबरोबर आली. 1907 च्या सुरत काँग्रेसनंतर 'हितवादी' पत्राच्या चालकांनी टिळकांविरुद्ध लिहावयास सांगितले, तेव्हा त्यांनी संपादकपद सोडले. 1912 साली, त्रेचाळिसाव्या वर्षी, ते गेले.

हेअरांच्या शाळेतील बाकावरून राजनारायण, आणि राजनारायणांच्या ओसरीवरून आपले देऊस्कर, असा हा धागा आहे. तीन भाषांपैकी एकही त्यांना टाकावी लागली नाही.

परंतु त्याच ओसरीवर दुसरेही एक नातवंड येत असे. राजनारायणांचे जावई डॉ. कृष्णधन घोष यांनी आपल्या मुलांवर बंगालीची सावली पडू नये असा पण केला होता. घरात इंग्रजी, पाचव्या वर्षी दार्जिलिंगची इंग्रजी शाळा, 1879 साली, सातव्या वर्षी, विलायत. त्यांतला एक मुलगा 1893 साली परत आला आणि बडोद्यास सयाजीरावांच्या नोकरीत राहिला, तेथील कॉलेजात इंग्रजी शिकवू लागला. त्याला ग्रीक येत होते, लॅटिन येत होते. बंगाली नीट येत नव्हते. 1898 साली दीनेंद्रकुमार राय यांना कलकत्त्याहून मुद्दाम बडोद्यास बोलावून, पंचविशी उलटल्यावर, तो आपल्या आजोबांच्या भाषेत बोलावयास शिकला. मराठीही त्याने बडोद्यातच शिकून घेतली. ते अरविंद घोष. ज्या आजोबांनी इंग्रजी शब्दास पैसा दंड लावला, त्यांच्या नातवास मातृभाषेसाठी पगारी शिक्षक ठेवावा लागला. अरविंदांसारखी प्रतिभा होती म्हणून तो खड्डा भरून निघाला. आपल्या घरांतून अरविंद जन्मतात असे धरून चालणे बरे नव्हे.

यातील काही भाग आम्ही दूरध्वनीवरून कन्येला सांगितला. हेअरांचा टॉवेल तिला आवडला, डफचा बैल अधिक आवडला. शाळेचा नियम मोडण्याची सूचना बापाने करणे इष्ट नव्हते, तशी आम्ही केलीही नाही. ती म्हणाली, वर्गात नाही, पण मधल्या सुट्टीत मी थाई शिकते आहे, त्या मुलांकडूनच. त्यांची लिपी निराळी दिसते खरी, पण बाबा, त्यांची मुळाक्षरेसुद्धा 'क', 'ख' अशीच सुरू होतात. शेवटच्या बाकावरच्या त्या मुलाने तिला पहिली अक्षरे काढून दाखविली, आणि तिचा 'ख' चुकला तेव्हा तो मोठ्याने हसला. तीन आठवड्यांत वर्गाने ऐकलेला त्याचा तो पहिला आवाज.

परवाच्या रविवारी पुन्हा बोलणे झाले. आम्ही विचारले की, कोणते वाक्य प्रथम शिकलीस? ती म्हणाली, तिकडे माणसे भेटली की 'कशी आहेस' असे विचारण्याऐवजी 'जेवलीस का' असेच विचारतात, तेच सगळ्यात आधी पाठ झाले. मग तिने ते थाईत म्हणून दाखविले, आणि लगेच मराठीत, तिच्या आईला उद्देशून, पुन्हा एकदा विचारले.